अव्वाचे गुडघे

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. म्हणून बसवायची घाई करावी लागते. देह एकदा ताठला की पंचाईत होते.

शहात्तर सालच्या एप्रिलात आमची अव्वा, म्हणजे आई, पहाटे झोपेतच गेली. उताणी, पाय सरळ सोडून निजलेली होती. मी काशम्मा मावशीला म्हटलं, "लगेच बसवू या." मावशीनं डोळे वटारले. "पोटचा लेक असताना दुसऱ्यानं हात लावायचा व्हय? शरणप्पाला येऊ दे. त्योच बसवंल." मी शाळेत शास्त्र शिकवते, आठवीच्या पोरांकडून स्नायूंचा धडा घोकून घेते. पण घरात बिनलग्नाच्या बाईचं शास्त्र ऐकतो कोण? कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधनीला ट्रंक कॉल लावला आणि सगळ्या वाट बघत बसलो.

शरणप्पा माझा धाकटा भाऊ. दुधनीत त्याचं तुरीचं दुकान. संक्रांतीला येतो म्हणाला होता, तो आता दुपारच्या गाडीनं उगवला. संक्रांतीपासून अव्वा रोज संध्याकाळी त्याची वाट बघत उंबऱ्यात बसायची आणि तिला बघून त्याच्यावर माझा तिळपापड व्हायचा.

तो सरळ आत आला, अव्वाच्या पायाशी बसला आणि दोन्ही हातांनी तिचा गुडघा वाकवू लागला. गुडघा हलला नाही. त्यानं जोर लावला, तर अख्खा पायच वर उचलला गेला. बायका कुजबुजायला लागल्या. मावशी तर मोठ्यानंच म्हणाली, "मनात कायतरी राहिलंय तिच्या."

शरणप्पानं माझ्याकडं बघितलं. एवढा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा म्हणाला, "अक्का, अव्वा माझ्या हातानं बसंना. लई रागावलीय की गं माझ्यावर."

'बरं झालं, भोग आता जन्मभर,' असं माझ्या मनात आलं.

शेजारचे कल्लप्पा बाह्या सरसावून पुढं झाले. "सरक बाजूला. पाय देऊन वाकवावं लागतंय. हाड मोडलं तर मोडू दे, तिला काय दुखतंय आता?" आणि शरणप्पा सरकलासुद्धा. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"तिच्या अंगाला हात लावू नका! हाडांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

कल्लप्पा पुटपुटत मागं झाले. मी शरणप्पाजवळ बसले.

"हाड आपणहून हलत नसतं, शरणू. त्याला स्नायू ओढतात. मांडीच्या पुढचा आखडला की पाय सरळ होतो, मागचा आखडला की वाकतो. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सुटतो. अव्वाचे आता दोन्हीकडचे अडकून बसलेत."

"पण कशापायी?"

"सैल सुटायलाही ताकद लागते. ती अन्नातनं, श्वासातनं येते. श्वास थांबला, ताकद संपली. मग जे धरलं ते धरूनच राहतं. सगळ्यांचंच होतं हे. रागावून गेलेल्यांचं आणि हसत गेलेल्यांचंसुद्धा."

कोमट पाण्यात पंचे भिजवले. एक पाय मी घेतला, एक त्याला दिला. "दाबू नकोस. भाकरीचं पीठ मळतात तसा हात चालव." मांडी चोळायची, गुडघा किंचित वाकवायचा, थांबायचं, पुन्हा चोळायचं. त्याचा घाम अव्वाच्या लुगड्यावर पडत होता. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा त्याच्याकडचा गुडघा आधी सुटला, मग माझ्याकडचा.

अव्वाला भिंतीशी टेकवून बसवलं, मांडी घातली. डाव्या हाताची बोटं मी एकेक करून उघडली. शरणप्पानं तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन त्यानं हळूच विचारलं, "खरं सांग अक्का. रागावली न्हवती न्हवं?"

आठवड्यापूर्वीच अव्वा म्हणाली होती, "मी मेल्यावरच येतंय बघ ते पोरगं." शब्द न् शब्द मला पाठ होता. कधीतरी त्याच्या तोंडावर फेकायला मी तो जपून ठेवला होता, आणि सकाळपासून तर तो जिभेवरच होता.

मी उठले. फडताळातून शेंगाचटणीचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. "तुझ्यासाठी कुटून ठेवलीय तिनं. लसूण जास्त घातलाय, तुला आवडतो म्हणून." हेही खरंच होतं.

डबा पोटाशी धरून तो हमसून हमसून रडला. समोर अव्वा नीट मांडी घालून बसली होती. तिच्यादेखत मी तिचे ते शब्द गिळून टाकले.