उपाशीपोटी मत

रक्त काढायचं म्हटलं की भलेभले गळपटतात. दारातून ऐटीत आत आलेला धिप्पाड माणूससुद्धा खुर्चीत बसला आणि दंडाला रबरी पट्टा आवळला की छताकडे बघायला लागतो. सुईताईने यावर पंधरा वर्षांपूर्वीच इलाज काढला होता. शीर सापडली, कापसाने पुसून झाली, की ती सहज म्हणून विचारायची, इतक्यात कुठला सिनेमा पाहिलात? माणूस उत्तराच्या नादाला लागला की सुई आत. त्याचं मत सांगून होईतो इकडे बाटली भरलेली असायची. लॅबमधल्या या बाईंचं खरं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं, सगळे सुईताईच म्हणायचे.

सिनेमाबद्दलच का विचारायचं? तर बाकीचे विषय तिने आधी वापरून पाहिले होते. मुलांबद्दल विचारलं तर लोक रडायला लागायचे, तब्येतीबद्दल विचारलं तर थांबायचेच नाहीत. सिनेमाचं बरं असतं. सिनेमाबद्दल मत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि मत द्यायला सिनेमा पाहिलेला असावाच लागतो असंही काही नाही.

आणि मतं तरी काय एकेक! एका शिक्षिकेने तीन तासांचा सिनेमा नऊ दिवसांत पाहिला होता, रोज इस्त्री संपेपर्यंत, आणि तिची तक्रार अशी की गोष्ट फार तुटक वाटते. एक इंजिनिअर घरी सगळं दुप्पट वेगाने लावून बघायचा. त्याच्या मते हल्लीचे नट फार घाईघाईने बोलतात. एक आजोबा थिएटरात मध्यंतरापर्यंत घोरत होते, पुढे त्यांना काही कळेना, तेव्हा दिग्दर्शकाला अक्कल नाही हे त्यांनी ठरवून टाकलं. एका बाईंना एक सिनेमा मुळीच आवडला नव्हता, कारण नायिकेच्या घरातले पडदे त्यांच्या जावेच्या घरातल्या पडद्यांसारखे होते. सुईताई हे सगळं ऐकून घ्यायची आणि पुढच्या खुर्चीतल्या माणसाला सांगायची, म्हणजे तोही गप्पांत यायचा.

स्वतः ती मात्र काहीच बघत नसे. पहाटे पाचला उठणारी बाई. सुरुवातीची नावं येऊन जाईपर्यंत तिची मान खाली पडलेली असायची. तरी पंधरा वर्षांत तिचा असा काही दबदबा झाला होता की तिकीट काढायच्या आधी लोक तिला फोन करायचे. तिची नणंद तर तिला विचारल्याशिवाय घरच्या टीव्हीवरसुद्धा सिनेमा लावत नसे.

आता गंमत अशी, की हिचा नवरा थिएटरचा मॅनेजर. वर मोठा हॉल, खाली लहान. वरच्या हॉलमध्ये मालकाच्या मर्जीने मारामारीचे सिनेमे चालायचे. खालच्या हॉलवर मॅनेजरचा जीव. तिथे तो शोधून शोधून सिनेमे लावायचा आणि शेवटच्या रांगेत उभा राहून स्वतःच डोळे पुसायचा. या खेपेला त्याने मालकाशी हुज्जत घालून एक सिनेमा आणला होता. एका बसड्रायव्हरचा नोकरीतला शेवटचा दिवस, एवढीच त्याची गोष्ट. मालक म्हणाला, लावा. पण येत्या आठवड्यात हॉल निम्मासुद्धा भरला नाही तर मी खाली फर्निचरचं दुकान काढणार. तुम्ही कशाला काळजी करता, सोफे विकायला तुम्हालाच ठेवीन, खुर्च्यांचा अनुभव आहेच तुम्हाला.

हे त्याने सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जेवताना बायकोला सविस्तर सांगितलं होतं. ती डुलक्या खात मान हलवत होती. सोफ्याचा विषय निघालाय एवढंच तिच्या डोक्यात शिरलं, आणि घ्या की, जुना झालाच आहे, असं म्हणून ती झोपायला गेली.

शुक्रवारी सिनेमा लागला. शनिवारी सकाळी साडेसातला पहिला आला तो एक कंत्राटदार. आदल्या संध्याकाळपासून पोटात कण नाही, चहाचा घोट नाही, त्यात सुईच्या भीतीने कपाळावर घाम. त्याला विचारल्यावर तो करवादला, तो ड्रायव्हरचा पाहिला काल, काय भिकार आहे, नुसती बस चालते, चालते आणि शेवटी डेपोत जाते. सुईताईने हे दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्याने सिनेमा पाहिला नव्हता, पण पोस्टरवरूनच आपल्याला अंदाज आला होता असं तो म्हणाला. तिसरीने त्यात एकही गाणं नसल्याची भर घातली. दहा वाजेपर्यंत चाळीस माणसं दंडावर कापसाचा बोळा दाबून बाहेर पडली, आणि बोळ्याबरोबर एकेक मत घेऊन गेली. रविवारी सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की असला रटाळ सिनेमा गेल्या दहा वर्षांत आलेला नाही.

सोमवारी रात्री मॅनेजर घरी आला. ताट वाढलं तरी हात लावेना.

"ड्रायव्हरचा सिनेमा रटाळ आहे, असं तू सांगतेस का लोकांना?" त्याने विचारलं.

"मी कशाला सांगू? लोक म्हणतात."

"तिकीटखिडकीवरून जोडपी परत चालली आहेत. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, म्हणे. चार दिवसांत सगळी मिळून एकवीस माणसं आली, आणि मत अख्ख्या गावाचं झालंय. तू पाहिलास का?"

"तुमच्याकडे लागलाय होय तो?" ती म्हणाली.

हे ऐकून तो जेवायचा राहिलाच. मग त्याने मालकाचं सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी तिने ते ऐकलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगल्या पेटल्या चुलीत आपल्याच हाताने पाणी ओतावं, तसं काहीतरी आपण करून बसलोय, आणि तेही गेली पंधरा वर्षं रोज सकाळी, असं तिच्या मनात आलं. तिला रात्रभर धड झोप लागली नाही.

मंगळवारी लॅबमधली दुसरी मुलगी रजेवर होती, म्हणून खाल्ल्यानंतरच्या साखरेचं रक्तही हिनेच काढायचं ठरलं. एरवी त्या वेळेला ही घरी गेलेली असायची. सकाळी आठला एक निवृत्त न्यायाधीश उपाशीपोटी आले होते. काल त्यांनी तो सिनेमा पाहिला होता, आणि सुई आत जाता जाता त्यांनी निकाल दिला की ही प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक आहे. घरी जाऊन भरपेट नाश्ता करून ते दोन तासांनी परत आले, खुर्चीत सैलावून बसले. सुईताईच्या तोंडून सवयीने तोच प्रश्न गेला, आणि न्यायाधीश म्हणाले, कालचा तो ड्रायव्हरचा, वा, फार हळवा सिनेमा आहे, शेवटी आरसा पुसतो तिथे मला हुंदका आवरेना.

"साहेब, सकाळी तर तुम्ही फसवणूक म्हणालात," ती म्हणाली.

"सकाळी पोटात चहासुद्धा नव्हता," न्यायाधीश शांतपणे म्हणाले.

आयुष्यभर तुम्ही निकाल जेवणाआधी दिलेत की नंतर, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं. त्या दुपारी तिने कंत्राटदाराला फोन लावला. तो जेवत होता. सिनेमा ना, छान होता की, आमची ही तर दोनदा रडली, असं तो घास चावत म्हणाला. सुईताईने कपाळावर हात मारला. पंधरा वर्षं ती उपाशी आणि भेदरलेल्या माणसांकडून, त्यांच्या दंडात सुई खुपसून, मतं गोळा करत होती आणि गावभर वाटत होती. त्यात किती चांगले सिनेमे मेले असतील देव जाणे.

बुधवारी तिने उलटा सपाटा लावला. येईल त्याला सांगायला लागली की सिनेमा उत्तम आहे, जरूर बघा. कुणी ऐकेना. शनिवारी तर तुम्हीच नाकं मुरडत होतात, असं एकाने तोंडावर सांगितलं. दुसऱ्याने नुसतं हसून विचारलं, मॅनेजरसाहेबांनी सांगायला सांगितलं वाटतं. वाईट म्हणताना तिला एकानेही विचारलं नव्हतं की बाई, तुमचं थिएटरवाल्यांशी नातं काय. चांगलं म्हणायला लागल्याबरोबर नातं सगळ्यांना आठवलं. कहर केला तो नणंदेने. वहिनी, दादासाठी बोलताय ना, असू दे, मी कुणाला सांगणार नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला. सख्खी बहीण, पण भावाचा सिनेमा बघायला काही गेली नाही. सुईताईला एकदा तर वाटलं, रांगेतल्या सगळ्यांना बिस्किटं चारावीत आणि मगच विचारावं. पण मग साखरेचे आकडे कुणाच्या कपाळाला लावायचे?

गुरुवारी ती पोटभर जेवली आणि तीनच्या शोला जाऊन बसली. हॉलमध्ये सगळी मिळून अकरा माणसं. मॅनेजर शेवटच्या रांगेत तिच्या शेजारी येऊन बसला. ती झोपते का हे तो अधूनमधून बघत होता. ती झोपली नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली. जाता जाता एकजण म्हणाला की एसी फार लावता हो तुम्ही. दोघं तिथेच बसून राहिली.

"अप्रतिम आहे," सुईताई म्हणाली. "एकदा तरी बघावाच असा."

तो हसला. "हे मला नको सांगूस. असं तर प्रत्येक पोस्टरवर छापलेलं असतं. माझं मन राखायला खोटं कशाला?"

"खोटं नाही. खरंच आवडला."

"काय आवडलं?"

"छायाचित्रण," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. लोकांची हजारो मतं तोंडपाठ होती, पण स्वतःचं सांगायला शब्दच मिळेना. नवरा उठायला लागला तशी ती चिडली. स्वतःवर, त्याच्यावर, सगळ्यांवरच. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"त्या ड्रायव्हरच्या बायकोचा राग आला मला," ती म्हणाली. "तो सकाळी दोनदा सांगायला जातो तिला, आणि तिचं लक्ष डब्याकडे. सगळ्या रस्त्याला माहीत आहे, लोक चढताना त्याचा हात हातात घेतायत, आणि घरच्या बाईला पत्ता नाही. संध्याकाळी तो टोपी काढून ठेवतो, तर ही विचारते, धुवायला टाकू का. असा संताप आला, वाटलं पडद्यात शिरून तिच्या कानाखाली एक वाजवावी. आणि मग मला रडूच फुटलं. अजून थांबत नाहीये."

मॅनेजरने खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"हे तू शनिवारी सांगितलं असतंस ना," तो म्हणाला, "तर हॉल भरला असता."

दारात मालकाचा सुतार हॉल मोजायला टेप घेऊन उभा होता. त्याला आत घ्यायला मॅनेजर उठला.