आत्याने शिवलेले माझे कव्हर

मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. रंगाने निळा, अंगाने तुमच्या तळहातात मावेल एवढा, आणि एका कोपऱ्यात भाजल्याचा तपकिरी डाग असलेला. दिसायला मी काही फार रुबाबदार नाही. पण मित्रांनो, या फाटक्या अंगाने एकदा कुणाचे तरी जीव वाचवले आहेत, आणि कधी एकदा तुम्हाला ते सांगतो असे मला झाले आहे!

तरी आधी ओळख करून देतो. माझ्या छातीवर एक काळी चिप आहे. मला यूएसबीच्या वायरने कॉम्प्युटरला जोडायचे आणि तिच्यात एखादे काम भरून ठेवायचे, की ते काम मी न कंटाळता करत बसतो. दिवा लुकलुकव म्हणालात तर लुकलुकवतो, पंखा फिरव म्हणालात तर फिरवतो. स्वतःची अक्कल मला नाही, पण एकदा ऐकलेले विसरणे माझ्या रक्तात नाही. रक्तही नाही म्हणा! चिपशेजारी एक चिमुकले बटण आहे. ते दाबले की मी हातातले काम टाकून गप्प होतो आणि सोडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कुणी ते दाबूनच धरले तर मी ठार मुका. एवढे मात्र लक्षात असू द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने भराभर माझ्या अंगावर एकेक भाग बसवला, मग मला भट्टीतून काढले. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला दिव्यासमोर धरून उलटसुलट पाहिले आणि मान डोलावली. त्यानंतर मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. काय ते दिवस होते! मुले माझ्याभोवती अशी गर्दी करायची की शिक्षकांना मी दिसायचोच नाही. एका धांदरट मुलीने मला तारा डकवताना सोल्डरिंगची तापलेली सळई माझ्या कोपऱ्याला लावली. हा डाग तिचाच. पण तिनेच प्रदर्शनात माझ्याकडून दिवे नाचवून घेतले, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले.

पुढे शाळेत माझ्याहून चपळ बोर्ड आले आणि मी अडगळीत गेलो. कपाट साफ करताना शिक्षकांनी मला त्या मुलीलाच देऊन टाकले. तिने घरच्या खणात मला जपून ठेवले आणि विसरून गेली. खणात माझे सोबती म्हणजे एक बंद घड्याळ आणि सुकलेली पेने. बोलायला कुणी नाही. मी रुसलो होतो, हे कबूल करतो.

आणि एका संध्याकाळी खण खाडकन उघडला! ती धांदरट मुलगी आता मोठी झाली होती, लिफ्ट दुरुस्त करायची. कामावरून तशीच धावत आली होती, बाहीला ग्रीस लागलेले. तिने मला, एक सेन्सर आणि चार तारा उचलल्या आणि आत्याचे दुकान गाठले.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. कॅमेरे, दुर्बिणी, डॉक्टरांची उपकरणे यांच्यासाठी चामड्याची कव्हरे शिवणे हा तिचा धंदा. दुकानात मेण लावलेल्या दोऱ्याचा आणि कातड्याचा वास भरलेला असे. आत्याचा एक नियम होता. वस्तू कव्हरात घालायची, कानाशी नेऊन हलवायची आणि आत जरा जरी खुडखुडले तर सगळे टाके उसवून पुन्हा शिवायचे. तिचे कव्हर कधी वाजले, असे कुणी म्हणू शकत नव्हते.

दुकानामागच्या अंगणात आत्याची एक बदकीण राहायची. भाजीवाल्यावर धावून जायची आणि आत्यामागे मात्र गुमान चालायची. तिला भटक्या कुत्र्याने मारले. मागे राहिली तिची अंडी. जनावरांच्या डॉक्टरांनी अंडी उबवायची एक पेटी आत्याला वापरायला दिली. आत एक बल्ब आणि ऊब सांभाळणारा खटका. त्या दुपारी तो खटकाच बिघडला आणि बल्ब विझेचना. आत्याचा हात सहज झाकणाला लागला म्हणून बरे, नाहीतर अंडी उकडून निघाली असती. तिने ती बाहेर काढली, मऊ कापडात गुंडाळली आणि गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन बसली. मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरला की आत इवलीशी सावली हलताना दिसत होती. त्या सावलीच्या काळजीनेच आत्याने भाचीला, म्हणजे माझ्या त्या धांदरट मुलीला, फोन केला होता.

बेत सोपा होता. सेन्सरने ऊब मोजायची, थंड झाले की मी बल्ब लावायचा, तापले की विझवायचा. भाचीने मला तारा डकवल्या, या वेळी एकही डाग न पाडता, आणि दुकानातल्या हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती माझे काम लिहू लागली. आत्याला नुसते बसवेना. पेटीतली दमट हवा मला बाधेल म्हणून तिने अंडी मांडीवर सांभाळत उत्तम तपकिरी कातडे कापले, तारांना फट ठेवली, दिव्याला खिडकी ठेवली आणि मला असे घट्ट शिवून टाकले की पाहत राहावे. कानाशी नेऊन हलवले. आवाज नाही. खूश झाली.

मी मात्र घुसमटलो. कातडे नेमके माझ्या बटणावर दाबून बसले होते!

भाचीने वायर जोडली. माझा दिवा लागला, पण कॉम्प्युटर हूं नाही की चूं नाही. तिने वायर बदलली. पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मला ओळखण्यासाठी लागते ते सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकले. मी आतून ओरडत होतो, "अगं, बटण! बटण!" पण मुक्याने ओरडून कुणाला ऐकू जाणार? एकदा तिने कव्हराकडे पाहिले, शिवणीवरून बोट फिरवले आणि हात मागे घेतला. आत्याने जीव ओतून घातलेले टाके उसवायला तिचे मन धजेना.

"दिवा तर लागतोय ना त्याचा?" आत्याने विचारले.

"लागतोय गं, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाहीये. इतकी वर्षं खणात पडून होता. गेला असणार."

गेला! मला इतके वाईट वाटले की काय सांगू. बाजाराला सुट्टी होती, दुसरा बोर्ड मिळणे कठीण. आत्याने पिशवीत गरम पाणी पुन्हा भरले, एका अंड्याखाली टॉर्च धरला. सावली हलली, पण आळसावल्यासारखी. रात्रभर बल्ब हाताने लावत-विझवत बसते म्हणाली. एक डुलकी लागली तर काय, हे दोघींनाही ठाऊक होते. भाचीने चपला घातल्या. कुणा ओळखीच्याकडे बोर्ड मिळतो का ते बघणार होती.

ती दारात पोचली तेवढ्यात आत्याने मला वायरसकट उचलले. कव्हराच्या कडा चिमटीत धरल्या आणि सवयीने, अगदी नकळत, कानाशी नेऊन हलवले. चिमटीने कातडे फुगले, बटण सुटले आणि कॉम्प्युटर बोलला, "टुडुंग!"

आत्याने दचकून मला खाली ठेवले. कॉम्प्युटर पुन्हा गप्प.

भाची दारातच थांबली. "काय केलंस, आत्या?"

"मी कुठे काय केलं? हलवून बघितलं नुसतं."

"परत हलव."

टुडुंग! भाची एका पायात चप्पल तशीच ठेवून धावत आली. तिने कव्हर वरून चाचपले आणि हसायलाच लागली. मग हसू आवरून म्हणाली, "तुझं कव्हर त्याचं बटण दाबून धरतंय गं."

आत्याचा चेहरा पडला. तिच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवले नव्हते. ती मांडीवरच्या अंड्यांकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच सुरी घेतली.

"उसवते. शिवणं काय, पुन्हा होईल," ती म्हणाली.

टाके तटातट तुटले आणि मी मोकळा झालो! भाचीने कॉम्प्युटरची कळ दाबली, माझे दिवे लखलखले, ते सगळे काम घटाघटा पिऊन टाकल्यासारखे मी घेतले. पेटीतला बल्ब लागला. थोड्या वेळाने विझला. पुन्हा लागला. प्रत्येक वेळी दोघी एकमेकींकडे बघायच्या. मग आत्याने एकेक अंडे अलगद आत ठेवले.

त्यानंतर मी एक क्षणही डोळा लावला नाही. आणि एका सकाळी टक्-टक् ऐकू आले! कवच तडकले, चोच दिसली, ओलेचिंब पिल्लू बाहेर पडले. मागोमाग दुसरी अंडीही तडकू लागली. मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण हातात बल्ब होता.

पिसे वाळल्यावर आत्याने पहिल्या पिल्लाला उचलले. पडू नये म्हणून मूठ मिटली. पिल्लू एकदम गप्प झाले. आत्याची नजर माझ्याकडे वळली, मग मुठीकडे, आणि तिने हळूच बोटे सैल केली. पिल्लू असे काही केकाटले की रस्त्यावरच्या माणसाने आत डोकावून पाहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. गप्प झालो म्हणून लगेच फेकू नका, आधी आमच्यावर कशाचा दाब पडला आहे का ते पाहा. आत्याने मला नवे कव्हर शिवले आहे, बटणावर चांगली फुगीर जागा ठेवून. कानाशी नेऊन हलवले तेव्हा मी आत खुडखुडलो. आयुष्यात पहिल्यांदा खुडखुड ऐकूनही तिने टाके उसवले नाहीत.

कधी त्या दुकानात गेलात तर मला खुशाल हलवून बघा. मी वाजेन. वाजू द्या.