तिसऱ्या ओळीतली रिकामी जागा

रविवारी सकाळी एफीने पडदा सारला. स्वेटर बाहेर राहिला होता! फाटकाला बांधलेल्या लाकडी चौकटीवर ताणून वाळत घातलेला, दोन्ही बाह्या पसरून, अख्ख्या रस्त्याला दिसेल असा.

शनिवारी तिने सगळं केलं होतं. पाणी भरलं, बटाटे सोलले, जळण आत आणलं, बाबांचे बूट पुसले, दोरीवरचा मोजान् मोजा काढला. विणायच्या सुयासुद्धा कपाटात गेल्या. शब्बाथला, म्हणजे रविवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बोट दाखवायला जागा नको. आणि विसरली काय, तर नेमका हाच! फाटकापाशी वारा चांगला लागतो म्हणून मुद्दाम तिथे नेऊन बांधला होता. बरी अक्कल सुचली म्हणायची.

आता तो आत आणणं म्हणजे काम. आणि लुईस बेटावर रविवारी काम करायचं नाही म्हणजे नाही. गाय दुहायला हरकत नाही, आजाऱ्याला भरवायला हरकत नाही. पण स्वेटर काही आजारी नव्हता.

उद्या सकाळी मिसेस लॉरी येणार होत्या. स्टॉर्नोवेच्या विणकाम गिरणीत नव्या नक्ष्या काढायला मुलगी हवी होती, आणि त्यांना एफीचा हा एकच स्वेटर बघायचा होता. पसंत पडला तर गिरणी, नाहीतर जन्मभर कोळंबी सोलणं. पश्चिमेकडे आभाळ भरून येत होतं. स्वेटरचा निळा रंग कच्चा होता, कालच्या धुण्यात शेवटपर्यंत निळं पाणी सुटत होतं. वरून पाऊस पडला की पांढऱ्या रेघा निळ्या झाल्याच म्हणून समजा.

पण खरी भीती ती नव्हतीच. खरी भीती बाबांची होती.

त्याचं असं होतं. एफी वर्षानुवर्षं मासिकांतल्या नक्ष्या बघून विणायची. आपलं म्हणावं असं काही सुचायचंच नाही. मग एका रविवारी चर्चमध्ये बसल्या बसल्या तिला ते दिसलं. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य नाही. बाबा पुढे उभे राहून स्तोत्राची ओळ आधी एकटेच गाऊन देतात आणि मंडळी ती उचलतात, जो तो आपल्या गतीने, आपल्या वळणाने. बाबांचा आवाज ही पांढरी रेघ आणि तिच्याखालून चढणारे सगळे आवाज निळे. घरी येऊन ती सोमवारची वाट बघत बसली, नुसती तळमळत. बाबांनी विचारलं, "कसली गं नक्षी?" तेव्हा तिने "लाटा" म्हणून थाप मारली होती.

स्तोत्राच्या एकेका ओळीचा एकेक पट्टा विणला होता, आणि थाप मारायचं कारण तिसरा पट्टा. गेल्या हिवाळ्यापासून तिसऱ्या ओळीच्या शेवटी बाबांचा दम संपायचा. ते खाकरून ती जागा झाकायचे आणि कोणाला कळत नाही अशी त्यांची समजूत होती. एफीने ती जागा तशीच विणली होती. पांढरी रेघ मध्येच तुटते, थोडी रिकामी जागा जाते, आणि खालून निळ्या रेघा वर येतात. सगळ्या स्वेटरमध्ये तिला तेवढाच भाग जिवापाड आवडायचा.

काळा कोट, काळी टोपी घालून बाबा चर्चला निघाले आणि एफीबरोबर फाटकापाशी आले.

"हे काय?"

"माझं आहे, बाबा. विसरले. आत घेऊ?"

"आज?" एवढं म्हणून त्यांनी फाटक उघडलं. स्वेटरकडे धड पाहिलंही नाही.

वाटेत शेजारच्या दोलिना काकूंनी गाठलंच. "एफी, खड्ड्यात पडलेली मेंढी रविवारी वर काढता येते हो. पण मेंढीची नुसतीच लोकर अडकली तर काय, ते चर्चच्या पाळकांना विचारायला हवं." आणि शब्बाथला शोभेल इतपतच हसल्या.

चर्चमध्ये एफीचं लक्ष खिडकीकडे. ढग खाली, आणखी खाली. बाबांनी ओळ दिली, मंडळींनी उचलली. तिसऱ्या ओळीला त्यांच्या मानेची शीर ताठ झाली, ते खाकरले, आणि एफीने हातातला रुमाल पिळून काढला. देवा, आज तरी पाऊस नको. असलं मागावं की नाही हेही तिला कळेना.

सुटल्यावर रविवारी पळता येत नाही. ती नुसती भराभर चालली. फाटकापाशी पोचली तर दोलिना काकू आणि आणखी चौघीजणी आधीच उभ्या, आणि काकूंचं बोट बरोबर तिसऱ्या पट्ट्यावर.

"अगं, इथे टाके सुटलेत तुझे! उद्या बाईंना हेच दाखवणार? उसव बाई. आज नको म्हणा."

"सुटलेले नाहीत," एफी म्हणाली. मागे बाबा येऊन उभे होते.

बाबा वाकले. पहिला पट्टा पाहिला, दुसरा पाहिला. ओळ म्हणत असल्यासारखे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसऱ्या पट्ट्याशी ओठ थांबले. बायकांना काय समजलं कोण जाणे, पण त्या आपापल्या वाटेला लागल्या. एफीला वाटलं, आता ते चौकटीसकट उपटून टाकतील. टाकू देत. पण काहीतरी बोलोत.

"लाटा म्हणाली होतीस."

"खोटं बोलले, बाबा."

"सगळ्यांना कळतं हे?"

"मला कळतं."

"हं." ते परत वाकले. "आणि हे खालचे निळे? हे कोण?"

"आपली मंडळी. तुम्ही थांबता तिथे ते उचलतात. तुम्ही खाकरता ना, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही."

पहिला थेंब बाबांच्या टोपीवर पडला, दुसरा चौकटीवर. एफीचा हात आपोआप स्वेटरकडे गेला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

मग त्यांनी आपला काळा कोट काढला आणि चौकटीवर घातला, नीट, खांद्याला खांदा जुळवून. वरची दोन बटणंही लावली.

"बाबा, हे काम नाही झालं?"

"मला उकडत होतं," बाबा भर पावसात म्हणाले. "माणसाने कोट कुठेही टांगावा. उद्या त्या बाईंना सांग, मधली जागा चूक नाही म्हणून."

संध्याकाळच्या उपासनेला बाबा कोटाशिवाय उभे राहिले, सदरा अंगाला चिकटलेला. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी पहिली ओळ दिली, दुसरी दिली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी दम संपला. ते खाकरले नाहीत. तोंड मिटून तसेच उभे राहिले आणि मागून सगळ्यांनी ती ओळ उचलली.