मशीनचं तोंड मुरबाडकडे

डॉक्टरांनी चरबी वाढल्याचं सांगितल्यापासून रामूच्या ताटात शेपू, दुधी आणि पुन्हा शेपू एवढंच येत होतं. शेतात चक्कर येऊन तो बांधावर बसला, तेव्हापासून कमळने धसकाच घेतला होता. धसका घेतलेल्या बायकोपुढे कोंबडीचं नाव कोण काढणार?

शेवटी त्यांच्या मुलाने, दिपेशने, शहापूरच्या घरात व्यायामाचं मशीन आणून ठेवलं. जागेवर उभं राहून पाय गोल फिरवायचे. फेऱ्यागणिक पडद्यावरचं अंतर वाढत जाई. कमळने अट घातली, "मुरबाडला तुमच्या बहिणीच्या दारात पोचलात, की कोंबडी." मशीनचं तोंडही तिने मुद्दाम मुरबाडकडे करून घेतलं. भलतीकडे तोंड करून माणूस मुरबाडला कसा पोचेल?

दिपेश कामावरून आला की त्या दिवसाचं अंतर आधीच्यात मिळवून गाव सांगे. सापगावचा पूल झाला, किन्हवली झाली, सरळगाव मागे पडलं. गावागणिक रामूच्या तोंडाला पाणी सुटत होतं. कमळला मात्र नवल वाटे. गुडघ्यांच्या नावाने कुरकुरणारा हा बाबा गाणं गुणगुणत चालतो कसा?

रविवारी दिपेश ओरडला, "बाबा, आज मुरबाड!" कमळ हात पुसत बाहेर आली. रामू अजून मशीनवरच होता, आणि त्याचे पाय मागे फिरत होते.

"रोज असंच फिरवता?"

"गुडघ्याला हलकं पडतं गो. मशीनला काय, पुढं-मागं सारखंच."

"मशीनला असंल. रस्त्याला नाय." कमळने कमरेवर हात ठेवले. "तोंड मुरबाडकडं, आन् तुमी चाललात मागं. मंजे उलट्या अंगाला, कसाऱ्याला पोचलात. कोंबडी मुरबाडची ठरली होती."

दिपेशने हसू दाबत मोबाइलमध्ये डोकं घातलं. रामूचा चेहरा पडला. हातातोंडाशी आलेला घास गेला, याचं त्याला अगदी मनापासून वाईट वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "कसाऱ्याला? मंजे तुज्या भावाकडं?"

"मग काय तर!" कमळ बोलून गेली.

"जावई येवडा पायी चालत दारात आलाय. तुज्या माहेरात जावयाला शेपू वाढतात काय गो?"

नवऱ्याशी कमळ महिनाभर भांडली असती, पण माहेरच्या नावाला बट्टा लागू देणं तिला जमणारं नव्हतं. पुटपुटत तिने दिपेशला कोंबडी आणायला पिटाळलं.

दुपारी जावयाला पाट मांडला गेला. रामूने रश्श्यासाठी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा कमळ गोड हसली.

"जेवा पाव्हनं, पोटभर जेवा. उद्या सकाळी तुमच्या घरी निघायचं हाय, तिकडं शेपू शिजतोय. आन् पाय सरळ मारा. मागं फिरवलेत, तर कसाऱ्याचा घाट चढायला लागंल."