दाऱ्याखालचं भोक

रोहिणी पुण्याहून आली ती तोंड पाडूनच. वरकुटे गावच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली प्रयोगशाळेत गेलेली पहिली पोर, आणि आता म्हणे शिक्षण सोडणार! रोहिणीच्या आईची, तानूबाईची, धाकटी बहीण सरू पंच्याण्णव साली अंडाशयाच्या कर्करोगानं गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा रोहिणीनं मावशीच्या उशाशी बसून शब्द दिला होता, की हा रोग कशानं वाढतो ते मी हुडकीन.

"झालं तरी काय?" फ्लॉवरच्या वाफ्यांना पाणी देता देता तानूबाईनं विचारलं.

"आई, पेशीला वाढायचा निरोप भायेरनं येतो. तिच्या अंगावर दार असतं, तितनं आत जातो. मी ते दार बंद केलं, तरी रोगाच्या पेशी वाढत्यातच. सर म्हणालं, सोमवारपर्यंत कारण सांग, न्हायतर इषय सोड. इषयच सुटला, तर शिकून काय करू?"

तानूबाईला यातलं निम्मं कळलं. "बरं, त्या भरलेल्या वाफ्याचं दारं लाव आधी."

रोहिणीनं दाऱ्यावर, पाटातनं वाफ्यात पाणी शिरतं त्या तोंडावर, चिखल लावला. वाफ्यात पाणी चढतच राहिलं. तिनं आणखी थापला, मग आणखी. कोपरापर्यंत हात बरबटले.

तानूबाईला हसू आवरेना. "अगं शानी! दारं गच्च हाय आन वाफा भरतोयच, मग वर थापून काय उपेग? खाली बघ की."

दाऱ्याच्या हातभर खाली खेकड्यानं बांध पोखरला होता, पाटाचं पाणी तिथनं वाफ्यात शिरत होतं. तानूबाईनं गवताचा बोळा कोंबून वर टाच दाबली. पाणी थांबलं.

रोहिणीनं हातातला चिखल टाकला. "आई, मी बी वरच थापत बसले!"

कोपरावरचा चिखल वाळायच्या आत तिनं इंदापूरची एसटी गाठली. सोमवारी सरांना तिचं म्हणणं पटलं, महिन्याची मुदत मिळाली, एवढं पत्र आलं. मग तानूबाईचा जीव टांगणीला.

महिन्यानं सरपंचांच्या घरी फोन आला.

"आई, दाराच्या खाली, पेशीच्या आतच निरोप सुटत हुता! तितं अडवला, आन वाढ थांबली. तीनदा करून बघितलं."

"मग सरू वाचली असती?"

"न्हाय गं. ह्या काचेच्या बशीतल्या पेशी. औषधाला लई वर्सं लागतील. पण भोक सापडलं."

तानूबाई तडक रानात गेली. आनंद पोटात मावेना, डोळे वाहायचे थांबेनात. बांधावर उभी राहून ती अशी ओरडली, की पलीकडं खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"सरू! पोरीनं शब्द पाळला गं!"