काजळलेला उपग्रह

सिल्वासा येथील टोकरखाडा भागात राहणारा नवनाथ हा एका पत्र्याच्या वस्तूंच्या कारखान्यात ग्राइंडर, म्हणजे ठिणग्या उडवीत धातू घासणारे यंत्र, चालवीत असे. त्याची कन्या सोनी आठवीत शिकत होती. दादरा येथील विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्या शाळेतून एकच प्रतिकृती जाणार होती, आणि ती आपलीच असावी, अशी तिची मनोमन इच्छा होती.

तिचा विषय होता पृथ्वीचे अतिउच्च वातावरण. तेथील इलेक्ट्रॉनांचे तापमान दोन हजार अंशांपर्यंत जाते, असे तिने घरी वाचून दाखविले होते. ते ऐकून नवनाथाने, तिला न विचारता, तिच्या प्रतिकृतीतला पत्र्याचा उपग्रह दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा केला. एवढ्या उष्णतेत लोखंडही वितळते, मग उपग्रह कोरा कसा राहील, असा त्याचा विचार होता.

निवडीच्या दिवशी त्याने स्वतः प्रतिकृती शाळेत आणून तिच्यावरील कापड काढले.

"चुलीतून काढलाय वाटतं," शीतल नावाची वर्गमैत्रीण म्हणाली. मुली हसल्या.

निवड करणाऱ्या विज्ञानशिक्षिका मृणालबाईंनी विचारले, "सोनी, उपग्रह तिथं जळतो का?"

"नाही बाई. हे चुकलंय."

"मग दोन हजार अंश खोटे?"

"खरे आहेत. सूर्याच्या किरणांनी अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात. ते जोरात पळतात, ऊर्जा एकमेकांना देतात, म्हणून तापतात. पण..."

तिची दृष्टी पित्याच्या हातांवर गेली.

"पप्पा, ठिणग्या हातावर उडतात, तेव्हा भाजतं का?"

"चुरचुरतं थोडं. चहा सांडला तर भाजतं."

"पण चहापेक्षा ठिणगी जास्त गरम ना?"

"लय गरम. पण केवढीशी असते ती."

सोनी बाईंकडे वळली. "तसंच बाई. एकेक इलेक्ट्रॉन तापलेला, पण तिथली हवा इतकी विरळ की उपग्रहाला उष्णता फारशी लागतच नाही."

बाईंनी मान हलविली. "मग काळा कोणी केला?"

"मी केला बाई," नवनाथ म्हणाला. "मला वाटलं, जळंल." त्याने रुमाल काढून उपग्रह पुसण्यास आरंभ केला. अर्धा भाग स्वच्छ झाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक बाजू काळीच राहू द्या. दादऱ्यालाही लोकांना असंच वाटणार. ते विचारतील, मग सोनी सांगेल."

शीतलचे हसणे थांबले. सोनीने प्रतिकृती उचलून पित्याच्या हाती दिली.

"आता दिव्याजवळ नेऊ नका," ती म्हणाली.

नवनाथाने काजळलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला.