मागच्या बाकावरच्या मॅडम

शुक्रवारचा शेवटचा तास जवळ आला की मॅडमच्या कपाळावर आधीच आठ्या चढायच्या. शिक्षक घडवणाऱ्या त्या छोट्याशा कॉलेजात या तासाला 'चिंतन तास' असं भारदस्त नाव होतं. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आसपासच्या शाळांत सराव पाठ घ्यायचे, एखाद्या प्राध्यापकाने मागच्या बाकावर बसून तो पाठ बघायचा, गुण द्यायचे, आणि शुक्रवारी सगळ्यांनी गोल बसून आपलं काय चुकलं ते मोकळेपणाने बोलायचं, अशी कल्पना. कल्पना मॅडमचीच. प्राचार्यांच्या मागे लागून लागून त्यांनी ती वेळापत्रकात घुसवली होती.

प्रत्यक्षात व्हायचं असं, की पहिला विद्यार्थी उठून सांगायचा, "माझं वेळेचं नियोजन चुकलं." दुसरीचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. हा असा सोयीचा अपराध होता, की कबूल केला तरी कोणाचं काही बिघडत नाही. त्या शुक्रवारीही ओळीने सगळ्यांनी तेच पाढे म्हटले, तेव्हा मॅडमचा संयम सुटला.

"वेळेचं नियोजन सोडून तुमच्या हातून काही चुकतच नाही का? एकाने तरी खरं बोला. मी रागावणार नाही."

आणि बोलायला उठली ती नेमकी त्यांची धाकटी जाऊ.

धाकटी त्यांना घरात ताई म्हणायची आणि कॉलेजात मॅडम. कधीमधी भर वर्गात तिच्या तोंडून 'ताई' निघून जायचं आणि बाकीच्यांना हसायला निमित्त मिळायचं. लग्न होऊन आली तेव्हा ती दिवस दिवस खिडकीशी बसून असायची. मॅडमनीच सासूबाईंची समजूत घातली, प्राचार्यांना गळ घातली आणि तिला इथे प्रवेश मिळवून दिला.

"मंगळवारी माझा अपूर्णांकांचा पाठ होता," धाकटी म्हणाली. "सुरुवातीला छान चालला. मग निरीक्षण करणाऱ्या मॅडम बाहेर गेल्या आणि मला पुढे काही सुचेचना. फळ्यावर गणितं लिहून दिली आणि खुर्चीत बसून राहिले. तेव्हा लक्षात आलं, मी मुलांना शिकवतच नव्हते. मागच्या बाकाला शिकवत होते." मग तिने पुढचंही सांगून टाकलं. "शेरा मिळाला, वर्गावर उत्तम पकड."

वर्ग हसला आणि एकदम गप्प झाला. मंगळवारी मागच्या बाकावर कोण होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काही गप्पा छाटायला बाहेर गेल्या नव्हत्या. सासूबाईंचा फोन होता: स्वयंपाकघरातला नळ तुटून पाणी बैठकीच्या खोलीपर्यंत आलंय, मेन कॉक कुठे आहे ते सांग. घरातली झाडून सगळी माणसं कामावर, आणि कॉक कुठे आहे हे म्हणे फक्त थोरल्या सुनेला माहीत. फोन संपेपर्यंत घंटा झाली. शेरा कोरा ठेवला असता तर पोरीचे गुण अडकले असते. हे सगळं धाकटीला ठाऊक होतं. संध्याकाळी फरशी पुसायला तीच तर सोबत होती. पण रागावणार नाही असं आधीच म्हणून बसल्यामुळे आता रागावताही येईना. "बसा," एवढंच म्हणून त्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे बघितलं.

तर त्यालाही वाचा फुटली होती. भूगोलवाल्या सरांनी माझा पाठ शाळेच्या ऑफिसात चहा पीत पाहिला, असं तो म्हणाला. त्याच्या शेजारची म्हणाली, माझाही.

शनिवारी सकाळी हे प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि तातडीची बैठक लागली. भूगोलवाले सर तोंड पाडून बसले होते. परीक्षा माझ्याकडे, वसतिगृह माझ्याकडे, प्रवेश माझ्याकडे, आणि एकाच वेळी तीन शाळांत पाठ. मी स्वतःचे तुकडे करून पाठवू का, असा त्यांचा सवाल होता. त्यांचंही काही खोटं नव्हतं. मॅडमना ते पटत होतं, म्हणून आणखीच चिडचिड होत होती.

प्राचार्यांनी वाद वाढू दिला नाही. चिंतन तास बंद, त्याऐवजी एक छापील कागद. त्यावर चार चौकोन: उत्तम, चांगले, बरे, सुधारणेस वाव. विद्यार्थ्यांनी एकात खूण करायची. कागद तयार करायचं काम मॅडमचं. चार चौकोनांत चिंतन कसं मावणार, असं त्यांनी विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, मावेल तेवढंच करा.

"आधीच विद्यार्थी मिळेनासे झालेत, मॅडम. इथे पाठ कोणी बघत नाही असं बाहेर गेलं, तर पुढच्या वर्षी शिकवणार कोणाला?"

घरी दोघी जावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. भांडी एकीने घासायची, दुसरीने विसळायची, मध्ये फक्त पाण्याचा आवाज. सासूबाईंना वाटलं, पैशांवरून काही बिनसलंय, आणि त्या दोघींनाही वेगवेगळं गाठून समजावत राहिल्या. शेवटी रविवारी कपडे वाळत घालताना मॅडमच बोलल्या.

"सगळ्यांसमोर मला तोंडावर पाडलंस."

"तुम्हीच म्हणालात, खरं बोला."

"घरी येऊन बोलली असतीस."

"घरी तुम्ही माझ्या मॅडम नसता ना, ताई."

हातातली चादर मॅडमनी जरा जास्तच जोरात झटकली.

सोमवारी धाकटीचा पुन्हा अपूर्णांकांचाच पाठ होता. मॅडम सगळ्यांत आधी वर्गात जाऊन बसल्या आणि घंटा होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. पाठ फार वाईट झाला. धाकटीने कागदाच्या रंगीत पट्ट्या कापून आणल्या होत्या, पण मूळ पट्ट्याच लहानमोठ्या. एका तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश लांब भरला. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने दोन्ही तुकडे शेजारी धरून वर करून दाखवले. तिच्या हातातल्या तुकड्यांकडे न बघताच धाकटी म्हणाली, असं नसतं, पुस्तकात बघ. मुलीने पट्ट्या खाली ठेवल्या आणि तास संपेपर्यंत त्यांना हात लावला नाही.

मॅडमनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि आजवर कोणाला दिले नव्हते इतके कमी गुण दिले.

धाकटी रडली नाही. "सूड उगवलात," एवढंच म्हणाली आणि एकटी घरी निघून गेली.

मंगळवारी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. एवढे कमी गुण आपल्याकडे कोणाला नाहीत, वर विचारणा होईल, जरा वाढवा. मॅडम नाही म्हणाल्या. मग प्राचार्यांना अचानक आठवलं, की नात्यातल्या माणसाचं मूल्यमापन आपण करू नये. प्रवेश देताना ही आठवण त्यांना झाली नव्हती. धाकटीचं नाव त्यांनी तिथल्या तिथे भूगोलवाल्या सरांच्या गटात घातलं. एक पाठ मन लावून पाहिला, तर तेवढ्यावरून मागचा बाकच हातचा गेला. त्या दिवशी मॅडमनी चौकोनांचा कागद तीनदा छापला आणि तिन्ही वेळा तो वाकडा आला.

बुधवारी धाकटी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. नव्या गटात पहिला पाठ झाला होता. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर 'उत्तम' लिहिलेलं होतं.

"सर वर्गात आलेच नाहीत," ती म्हणाली.

"मग आता खूश असशील."

"ताई, त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं?"

ती कॉलेजात ताई म्हणाली होती, आणि या खेपेला ते चुकून नव्हतं. मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. आधी काहीच सांगायचं नव्हतं, त्या म्हणाल्या; तिच्या पट्ट्या हातात घेऊन बघायच्या होत्या. धाकटी म्हणाली, एवढं तर मलाही कळतं, पण बघून झाल्यावर काय? मूळ पट्ट्या सारख्या हव्यात हे मुलीला सांगून टाकायचं, की तिचं तिला शोधू द्यायचं? आणि तोवर बाकीच्या वर्गाचं काय? दोघी यावर बराच वेळ भांडल्या.

गुरुवारी धाकटीचा त्या आठवड्यातला तिसरा पाठ होता आणि मॅडमचा ग्रंथालयाचा तास. त्यांनी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि कोणाला न सांगता शाळेत जाऊन मागे बसल्या. गुण द्यायचे नव्हते, शेरा लिहायचा नव्हता. प्राचार्यांना कळलं असतं तर बोलणी बसली असती, आणि कळणारच होतं.

पाठ बरा झाला. उत्तम नाही, बरा. मधला बराच वेळ धाकटीचं मागच्या बाकाकडे लक्षच नव्हतं. शेवटी मात्र तिने घाई केली आणि मुलांना दोन गोष्टी अर्धवटच कळल्या. फाटकाशी येईपर्यंत मॅडमनी त्यातली पहिली सांगितली. धाकटीला ती मान्य नव्हती. मुलं तिथे थकली होती, असं तिचं म्हणणं. "थकली नव्हती, तू थकली होतीस," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी तावातावाने बोलत रस्त्याला लागल्या.